‘किल’, ‘मर्डर’, ‘असॅसिनेट’ आणि इतर : हत्येसाठीच्या इंग्रजी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी बातम्या मराठीत आणणारे, न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करणारे आणि इंग्रजी वाचताना एखाद्या शब्दापाशी अडखळणारे वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाकडे निर्देश केला आहे.

१. ‘किल’, ‘मर्डर’ आणि ‘होमिसाइड’ या तिन्हींचा अर्थ ठार मारणे असाच असेल, तर तीन शब्द हवेत कशाला?

तिन्ही शब्द एकाच घटनेला लागू पडू शकतात, पण प्रत्येकाची साक्ष वेगळी असते. ‘किल’ फक्त एवढेच सांगतो की जीव गेला. तो मुद्दाम घेतला की चुकून, कायद्याला धरून घेतला की कायदा मोडून, याविषयी हा शब्द मौन पाळतो. म्हणूनच त्याचा कर्ता माणूस असण्याची गरज नसते. पूर, वीज, ताप, कोसळलेली भिंत यांपैकी कोणीही ‘किल’ करू शकते. ‘होमिसाइड’मध्ये मारणारा आणि मरणारा दोघेही माणूसच असतात, परंतु मारणाऱ्याचा दोष त्यात गृहीत नसतो, स्वसंरक्षणासाठी हल्लेखोराला ठार केले तरी तो होमिसाइडच. ‘मर्डर’मध्ये मात्र बेकायदेशीरपणा आणि वाईट हेतू हे दोन्ही आलेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मर्डर म्हणजे आधी कट रचून केलेला खून, असे अनेकांना वाटते. इंग्लंडच्या कायद्यात तशी अट नाही; जिवे मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू त्या क्षणी असला, तरी तो मर्डर ठरू शकतो.

व्युत्पत्तीचे कुतूहल असणाऱ्यांसाठी सांगायचे तर मध्ययुगीन इंग्रजीत ‘किल’चा आरंभीचा अर्थ तडाखा देणे असा होता. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. ‘पोराला मारले’ आणि ‘साप मारला’ या दोन वाक्यांत आपण एकाच क्रियापदाकडून हीच दोन कामे करून घेतो.

२. अपघाताच्या बातमीत ‘वॉज किल्ड’ असे का लिहितात? तेथे तर कोणी कोणाला मारलेले नसते.

इंग्रजीत ‘वॉज किल्ड’ या कर्मणी रचनेला मारेकरी लागत नाही. बाहेरच्या आघाताने अचानक मृत्यू आला, एवढेच ती सांगते. म्हणून ‘वॉज किल्ड इन अ क्रॅश’ याचे मराठी ‘अपघातात ठार झाला’ किंवा ‘अपघातात मृत्युमुखी पडला’ असे होते. आजारपण, म्हातारपण किंवा जखमांमुळे काही दिवसांनी ओढवलेला मृत्यू यांसाठी ‘डाइड’ वापरतात. लढाईत मरण आले तर ‘किल्ड इन अ‍ॅक्शन’ हा ठरलेला प्रयोग आहे.

या प्रश्नाला येथे जागा देण्यामागे थोडा स्वानुभवही आहे. उमेदवारीच्या काळात एका रेल्वे अपघाताच्या तारेतील ‘ट्वेल्व्ह किल्ड’चे भाषांतर मी ‘बारा जणांची हत्या’ असे करून दिले होते. ज्येष्ठ सहकाऱ्याने त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून समासात एकच प्रश्न लिहिला : ‘इंजिनाला अटक झाली का?’

३. पोलिसांनी संशयिताला पकडले आहे आणि त्याने कबुलीही दिली आहे. मग त्याला ‘मर्डरर’ म्हणण्यात काय चूक?

‘मर्डरर’ हे वर्णन नसून निवाडा आहे, आणि निवाडा देण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंकेतांत खुनाबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीलाच ‘मर्डरर’ म्हणावे, असे सांगितले आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात टिकतेच असे नाही.

प्रकरणाच्या प्रत्येक टप्प्यासाठी इंग्रजीत वेगळी शब्दयोजना आहे आणि तिच्यातील शब्दयोगी अव्ययेही ठरलेली आहेत. संशयावरून अटक झाली की ‘अरेस्टेड ऑन सस्पिशन ऑफ मर्डर’, आरोप झाला की ‘अक्यूज्ड ऑफ’, आरोप रीतसर ठेवला गेला की ‘चार्ज्ड विथ’, खटला चालला की ‘ट्राइड फॉर’, दोष सिद्ध झाला की ‘कन्व्हिक्टेड ऑफ’ आणि निर्दोष सुटका झाली की ‘अक्विटेड ऑफ’. ‘अक्यूज्ड’नंतर ‘विथ’ आणि ‘चार्ज्ड’नंतर ‘ऑफ’ ही अदलाबदल आपल्याकडून फार वेळा होते.

‘अलेज्ड’ (कथित) हा शब्दही जपून वापरावा लागतो. ‘अलेज्ड मर्डरर’ चालते, पण ‘अलेज्ड व्हिक्टिम’ लिहिणाऱ्याने शवविच्छेदनाच्या टेबलावरील मृतदेहावरच संशय घेतलेला असतो.

४. ‘मॅनस्लॉटर’ म्हणजे अपघाती मृत्यू का?

नाही. मॅनस्लॉटर हा गुन्हा आहे. निव्वळ अपघात हा गुन्हा नसतो. माणसाचा जीव बेकायदेशीरपणे गेला, पण खुनासाठी लागणारी मनःस्थिती नव्हती, किंवा होती तरी तिची तीव्रता कमी करणारे कारण कायद्याने मान्य केले, तर तो मॅनस्लॉटर. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याचे दोन प्रकार मानतात. ‘व्हॉलंटरी’ प्रकारात मारण्याचा हेतू असतो, मात्र आरोपीचा स्वतःवरील ताबा सुटावा असे काही घडलेले असते किंवा मानसिक विकारामुळे त्याची जबाबदारी उणावलेली असते. ‘इन्व्हॉलंटरी’ प्रकारात हेतूच नसतो. घोर निष्काळजीपणामुळे किंवा धोकादायक बेकायदा कृत्यामुळे मृत्यू ओढवतो. खुनाला तेथे जन्मठेप अनिवार्य आहे, तर मॅनस्लॉटरची शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला बराच विवेक वापरता येतो. मराठीत ‘मनुष्यवध’ हा शब्द त्याला पुरेसा जवळचा आहे.

उच्चाराबद्दलही विचारणा होते. ‘स्लॉटर’चे यमक ‘डॉटर’शी जुळते, ‘लाफ्टर’शी नाही. सल्ला अनावश्यक वाटेल, पण ‘स्लॉटर’मधील पहिले अक्षर बोटाने झाकून पाहावे : उरलेली अक्षरे हुबेहूब ‘लाफ्टर’ची असतात. इंग्रजी शुद्धलेखनाच्या क्रूरपणाचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

५. एकाच मृत्यूला एका ठिकाणी ‘होमिसाइड’, दुसऱ्या ठिकाणी ‘सेकंड डिग्री मर्डर’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘मॅनस्लॉटर’ म्हटलेले वाचले. यांपैकी खरे कोणते?

बहुधा तिन्ही खरे असतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस येथे २५ मे २०२० रोजी झालेला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू हे याचे उत्तम उदाहरण आहे. स्थानिक वैद्यकीय परीक्षकाने मृत्यूचा प्रकार ‘होमिसाइड’ असा नोंदवला. अमेरिकेत वैद्यकीय परीक्षक साधारणपणे नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, होमिसाइड आणि अनिश्चित अशा पाच प्रकारांतून निवड करतात. तेथे ‘होमिसाइड’चा अर्थ ‘दुसऱ्या माणसाच्या कृतीमुळे आलेला मृत्यू’ एवढाच असतो आणि दोषी कोण हे ठरवण्याचे काम परीक्षकाचे नसते. पुढे २० एप्रिल २०२१ रोजी ज्यूरीने पोलीस अधिकारी डेरेक शॉविन याला तीन आरोपांखाली दोषी ठरवले : हेतू नसलेला सेकंड डिग्री मर्डर, थर्ड डिग्री मर्डर आणि सेकंड डिग्री मॅनस्लॉटर. माणूस एक, मृत्यू एक आणि कायद्याच्या परिभाषेत गुन्हे तीन. ‘हेतू नसलेला मर्डर’ हा शब्दप्रयोग प्रश्न १ मधील व्याख्येशी विसंगत वाटेल, आणि सामान्य भाषेपुरता तो विसंगत आहेही. मिनेसोटाच्या कायद्यानुसार मात्र दुसरा गंभीर गुन्हा करताना हातून मृत्यू झाला, तर मारण्याचा हेतू नसतानाही तो मर्डर ठरू शकतो.

‘डिग्री’ची ही पद्धत अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनियाने १७९४ मध्ये खुनाच्या अशा पायऱ्या पाडल्या आणि फाशी फक्त पहिल्या पायरीसाठी राखली. इंग्लंडमध्ये अशा पायऱ्या नाहीत; म्हणून लंडनमधील खटल्याच्या बातमीत ‘फर्स्ट डिग्री मर्डर’ आढळले, तर लेखक चित्रपट पाहून लिहीत असावा असे खुशाल समजावे.

६. मग ‘कल्पेबल होमिसाइड’ कशाला म्हणायचे?

‘कल्पेबल’ म्हणजे दोषास पात्र. मराठीत ‘सदोष मनुष्यवध’ ही रूढ संज्ञा आहे. अडचण अशी की तिची व्याप्ती देशागणिक बदलते. स्कॉटलंडमध्ये ती साधारणपणे इंग्लंडच्या मॅनस्लॉटरच्या जागी येते. भारतीय कायद्यात मात्र ती मोठी छत्री असून मर्डर त्या छत्रीखालीच उभा आहे : भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये सदोष मनुष्यवधाची आणि कलम १०१ मध्ये खुनाची व्याख्या दिलेली आहे. त्यामुळेच ‘नॉट अमाउंटिंग टू मर्डर’ (खून न ठरणारा) हे लांबलचक शेपूट जोडावे लागते. भाषांतर करताना ते गाळू नये. ते गाळल्यास गुन्ह्याचे स्वरूपच बदलते.

७. ‘असॅसिनेशन’ फक्त पुढाऱ्यांचेच होते का? प्रसिद्ध गायकाचा खून झाला तर कोणता शब्द वापरावा?

येथे दोन कसोट्या लावल्या जातात : मरणारा सार्वजनिक जीवनातील असावा आणि मारण्यामागे राजकीय किंवा धार्मिक कारण असावे. अब्राहम लिंकन (१८६५), आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड (१९१४), महात्मा गांधी (१९४८) यांच्याबाबत दोन्ही कसोट्या पूर्ण होतात, त्यामुळे वाद उरत नाही. १९८० मध्ये जॉन लेनन यांना गोळ्या घालणाऱ्याचा हेतू राजकीय नव्हता. म्हणून काटेकोर लेखक तेथे ‘मर्डर’ लिहितात आणि केवळ प्रसिद्धी पुरेशी मानणारे ‘असॅसिनेशन’ लिहितात. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे. प्रसिद्धी हे कारण मानले, तर उद्या किती प्रसिद्ध म्हणजे पुरेसे प्रसिद्ध याचे कोष्टक करत बसावे लागेल. सुपारी देऊन मारलेल्या व्यापाऱ्याला हा शब्द लागू नाही. तेथे ‘काँट्रॅक्ट किलिंग’ हा प्रयोग आहे.

मूळ शब्द अरबी. इराणमधील अलमूतचा किल्ला १०९० मध्ये ताब्यात घेणाऱ्या निझारी इस्माइली पंथाला विरोधकांनी लावलेल्या ‘हशीशी’ या हिणकस नावावरून तो युरोपात गेला. ११९२ मध्ये टायर या शहरात क्रुसेडमधील (ख्रिस्ती धर्मयुद्धातील) सरदार कॉनराड ऑफ मॉन्टफेराट याला याच पंथाच्या माणसांनी भोसकले, आणि अशा घटनांमुळे पंथाचे नाव कृत्याचे नाव होऊन बसले. लिहिताना ‘एस’ हे अक्षर चार वेळा येते, हे लक्षात ठेवावे.

मराठीत याला स्वतंत्र शब्द नाही, तरी पुढाऱ्याबाबत ‘हत्या’ आणि इतरांबाबत ‘खून’ असा संकेत बराच काळ पाळला जात असे. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने सरसकट ‘हत्या’ लिहिले जाते आणि हा उपयोगी भेद हातचा निसटू लागला आहे.

८. अतिरेक्यांनी ओलिसांना गोळ्या घातल्या, तर ‘एक्झिक्यूटेड’ लिहावे का? आणि फाशीसाठी ‘हंग’ की ‘हँग्ड’?

‘एक्झिक्यूट’चा मूळ अर्थ अमलात आणणे. प्रथम शिक्षा अमलात येत असे. पुढे शिक्षेच्या जागी माणूसच त्या क्रियापदाचे कर्म झाला. त्यामुळे या शब्दामागे न्यायालयाचा किंवा निदान अधिकृत लष्करी आदेशाचा आधार गृहीत असतो. अतिरेक्यांबाबत तो वापरला की त्यांच्या टोळीला नकळत न्यायासन बहाल होते. तेथे ‘किल्ड’ किंवा ‘शॉट डेड’ पुरते. ‘एक्झिक्यूशन स्टाइल’ हा प्रयोग मात्र केवळ पद्धत सांगतो : गुडघ्यावर बसवून जवळून झाडलेली गोळी.

कोणता शब्द योग्य, हे कधी कधी वाचणाऱ्याच्या पक्षावरही ठरते. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद १६४९ मध्ये झाला. संसदवाद्यांसाठी ते एक्झिक्यूशन होते, राजनिष्ठांसाठी मर्डर.

फाशीपुरते बोलायचे तर माणूस ‘हँग्ड’ होतो आणि चित्र ‘हंग’ होते.

९. तरुण मुले एखाद्याच्या पोशाखाला ‘स्ले’ म्हणतात आणि वृत्तपत्रे खुनाला ‘स्लेइंग’. हा काय प्रकार आहे?

‘स्ले’ हे जुन्या इंग्रजीतील क्रियापद. त्याचाही पहिला अर्थ ‘किल’प्रमाणे तडाखा देणे हाच होता. त्याची रूपे ‘स्लू’ आणि ‘स्लेन’. रोजच्या बोलण्यातून ते गेले आणि राक्षस, अजगर, महायुद्धातील वीर यांच्या संगतीत राहिले. मराठीतील ‘वध’ जसा रावणाचा किंवा अफझलखानाचा होतो, तसेच. अमेरिकी वृत्तपत्रांनी त्याला जिवंत ठेवले, कारण मथळ्यात ते कमी जागा घेते आणि ‘मर्डर’सारखा निवाडाही देत नाही (प्रश्न ३ पाहावा).

कौतुकाचा अर्थ न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिकांच्या बॉलरूम नृत्यसंस्कृतीतून सर्वत्र पसरला. त्याच्याही आधी ‘यू स्ले मी’ म्हणजे ‘हसवून मारतोस’ असा प्रयोग होताच. बोलीतील या अर्थाचा भूतकाळ बहुतेकदा ‘स्लेड’ असा करतात. पार्टीत कोणी ‘स्लेन’ झाले तर पोलीस बोलवावे लागतील.

१०. ‘स्लॉटर’, ‘बुचर’, ‘कार्नेज’ आणि ‘मॅसॅकर’ एकमेकांऐवजी वापरता येतात का?

पहिल्या तिघांना मांसाचा वास आहे. ‘स्लॉटर’ नॉर्स भाषेतून आला आणि आजही जनावरांच्या कत्तलीचा रोजचा शब्द तोच आहे. माणसांसाठी वापरला की त्यांना जनावरांसारखे मारले असा अर्थ निघतो. ‘बुचर’ फ्रेंचमधून, बोकडाच्या नावावरून आला, आणि त्यात कापाकापीची क्रूरता अधिक. ‘कार्नेज’ लॅटिनमधील मांसवाचक शब्दावरून आला असून तो कृतीपेक्षा दृश्य सांगतो, आणि त्याचे अनेकवचन होत नाही. ‘मॅसॅकर’ मोजता येतो : ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी, प्रतिकार करू न शकणाऱ्या अनेकांना मारणे. मराठीत ‘स्लॉटर’ला ‘कत्तल’ आणि ‘मॅसॅकर’ला ‘हत्याकांड’ हा जोड नीट बसतो.

११. किती माणसे मेली म्हणजे ‘मॅसॅकर’ म्हणता येते?

असा आकडा नाही. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी मेलेल्यांची सरकारी संख्या ३७९ होती. बोस्टन येथे ५ मार्च १७७० रोजी पाचच माणसे मेली, तरी इंग्रजीत दोन्ही मॅसॅकरच. बोस्टनचे प्रकरण तर पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. वसाहतवाद्यांनी त्या घटनेला मॅसॅकर म्हटले, तिचे रंगवलेले चित्र छापून वाटले आणि नाव कायमचे चिकटले. खटल्यात सैनिकांची बाजू मांडणारा वकील होता जॉन अ‍ॅडम्स, म्हणजे अमेरिकेचा पुढचा दुसरा राष्ट्राध्यक्ष. निकालात सहा सैनिक सुटले आणि दोघांवर दोष सिद्ध झाला तो मॅनस्लॉटरचा. त्यांच्या अंगठ्यांवर डाग देऊन त्यांना सोडण्यात आले. इतिहासात मॅसॅकर म्हणून गाजलेली घटना न्यायालयाच्या दप्तरी मर्डरही ठरली नाही.

१२. ‘जेनोसाइड’ म्हणजे फार मोठा मॅसॅकर, असे समजले तर चालेल का?

चालणार नाही, कारण जेनोसाइडची कसोटी संख्या नसून हेतू आहे. पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी वंशवाचक ग्रीक शब्दाला मारण्याचा लॅटिन प्रत्यय जोडून हा शब्द घडवला आणि तो १९४४ मध्ये छापून आला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये जेनोसाइड ठरतात. समूहातील जन्म रोखणे किंवा मुले बळजबरीने दुसऱ्या समूहाकडे सोपवणे हीही त्यात येतात. म्हणजे एकही माणूस न मारता हा गुन्हा घडू शकतो. उलट, राजकीय मतांवरून लाखो लोक मारले तरी कराराच्या व्याख्येत ते बसत नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे मारले गेलेले सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे हे मॅसॅकरचेही उदाहरण आहे आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या निर्णयानुसार जेनोसाइडचेही.

‘एथ्निक क्लीन्सिंग’ हा त्याचा समानार्थी शब्द नव्हे. तो युगोस्लाव्हियातील युद्धांच्या काळात रूढ झाला, त्यात हाकलून लावण्यावर भर आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. मराठीत ‘नरसंहार’ दोन्ही अर्थांनी फिरतो. जेनोसाइडसाठी ‘वंशसंहार’ राखून ठेवणे सोयीचे.

१३. ‘मॉब लिंचिंग’ बरोबर आहे का?

‘लिंचिंग’मध्ये जमाव आधीच आलेला आहे, त्यामुळे काटेकोर इंग्रजीत ‘मॉब’ ही पुनरुक्ती ठरते. भारतीय इंग्रजीत मात्र ती इतकी रुळली आहे की तिला चूक म्हणण्यात अर्थ नाही. लिंचिंग म्हणजे झाडाला लटकवणेच, हाही गैरसमज. खटला न चालवता जमावाने शिक्षा म्हणून जीव घेणे हा त्याचा गाभा आहे. मराठीतील ‘झुंडबळी’ हा त्याचा नेटका पर्याय आहे.

१४. ‘साइड’ने संपणारे शब्द मारणाऱ्यासाठी असतात की मारण्याच्या कृत्यासाठी?

दोन्हींसाठी, आणि घोळ तेथेच होतो. ‘रेजिसाइड’ म्हणजे राजहत्या, आणि राजाला मारणाराही रेजिसाइडच. चार्ल्सच्या देहदंडाच्या आदेशावर सही करणारे ५९ जण इतिहासात याच नावाने ओळखले जातात (प्रश्न ८ पाहावा). ‘पॅट्रिसाइड’ पित्याची, ‘मॅट्रिसाइड’ मातेची, ‘फ्रॅट्रिसाइड’ भावाची हत्या. लष्करी भाषेत आपल्याच तोफांनी आपलीच माणसे मेली तर तेही फ्रॅट्रिसाइड. ‘इन्फन्टिसाइड’ सामान्य भाषेत बालहत्या असली, तरी इंग्लंडच्या कायद्यात ती आईने स्वतःच्या बारा महिन्यांच्या आतील बाळाबाबत विशिष्ट मानसिक अवस्थेत केलेल्या कृत्यापुरती मर्यादित आहे.

१५. ‘स्टॅब्ड’, ‘शॉट’, ‘स्ट्रँगल्ड’, ‘इलेक्ट्रोक्यूटेड’ : यांत माणूस मेला असे धरायचे का?

क्रियापदागणिक उत्तर वेगळे आहे. ‘स्टॅब्ड’ आणि ‘शॉट’ यांत मृत्यू गृहीत नाही, म्हणून ‘स्टॅब्ड टू डेथ’, ‘शॉट डेड’ असे पुढे जोडावे लागते. ‘शॉट अ‍ॅट’मध्ये तर गोळी लागली हेही निश्चित नसते. ‘ड्राउन्ड’मध्ये मृत्यू आलाच. ‘स्ट्रँगल्ड’मध्ये तो बहुधा असतो, ‘चोक्ड’मध्ये नसतो. ‘इलेक्ट्रोक्यूट’ हा विजेचा शब्द आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या जोडणीतून १८८० च्या दशकाअखेर तयार झाला. विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यात दिला गेला. म्हणून केवळ झटका बसलेल्या माणसाला ‘इलेक्ट्रोक्यूटेड’ म्हणू नये. तो उठून तक्रार करू शकतो.

१६. ‘फिफ्टी कॅज्युअल्टीज’ म्हणजे पन्नास ठार ना?

नाही, त्यात जखमीही येतात, आणि लष्करी हिशेबात बेपत्ता व युद्धकैदीही. फक्त मृतांसाठी ‘फेटॅलिटीज’ किंवा ‘डेथ टोल’ आहे. ‘डेसिमेट’बाबत असाच घोळ होतो. रोमन सैन्यात बंडखोर तुकडीतील दहातील एकाला मारण्याची ती शिक्षा होती. आज तो शब्द ‘बहुतांश नष्ट करणे’ अशा अर्थाने चालतो. तो अर्थ स्थिरावला आहे, पण ‘डेसिमेटेड बाय हाफ’ लिहू नये.

१७. इंग्रजीतला ‘थग’ म्हणजे आपला ‘ठग’च का?

शब्द आपलाच, पण प्रवासात तो बदलला. आपल्याकडे ठग फसवतो. इंग्रजीतला ‘थग’ मारहाण करतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वाटसरूंना रुमालाने गळा आवळून मारणाऱ्या टोळ्यांसाठी तो वापरला, आणि पुढे फसवणूकही गळली व रुमालही. आर्थिक घोटाळेबाजाला इंग्रजीत ‘थग’ म्हटले तर वाचक हाणामारीची वाट पाहील. तेथे ‘स्विंडलर’ किंवा ‘कॉन मॅन’ हवा.

१८. लष्करी निवेदनांतील ‘न्यूट्रलाइज्ड’, ‘टेकन आउट’, ‘लिक्विडेटेड’ यांचे मराठी काय करावे?

हे शब्द मृत्यू सांगण्यासाठी नव्हे, तर तो दिसू नये यासाठी घडवलेले आहेत. ‘लिक्विडेट’चा हा अर्थ रशियन राजकीय भाषेतून आला, कंपनीबाबत त्याचा अर्थ दिवाळखोरीत मालमत्ता विकणे असाच राहतो. ‘न्यूट्रलाइज्ड’ सर्वांत फसवा, कारण त्यात ठार, जखमी आणि शरण आलेले असे सर्व मावू शकतात. निवेदनातील शब्द जसाच्या तसा द्यायचा असेल, तर तो अवतरणचिन्हांत ठेवून कोणाचा आहे हे सांगावे : लष्कराच्या म्हणण्यानुसार सात जणांना ‘निष्प्रभ’ करण्यात आले. मृत्यूची खात्री झाली असेल, तर स्वतःच्या वाक्यात ‘सात जण ठार झाले’ असे लिहावे; झाली नसेल, तर इंग्रजी शब्दाने झाकलेले तेवढेच मराठीतही झाकलेले राहू द्यावे आणि निवेदन देणाऱ्याला फोन करावा.